मुलगी घडाघडा वाचते, पण ‘का’ विचारलं की गप्प: चौथीच्या मुलांसोबत उतारा कसा वाचायचा

गोव्यातल्या डिचोलीच्या एका ताईंनी विचारलंय की मुलगी चौथीत आहे, मराठी शाळेत जाते, घरी सगळे कोंकणी बोलतात, वाचायला बसवली तर घडाघडा वाचते, पण उताऱ्याखालच्या प्रश्नांत ‘कोण’, ‘कुठे’, ‘केव्हा’ एवढंच बरोबर येतं आणि ‘का’ किंवा ‘तुला काय वाटतं’ आलं की एकतर जागा कोरी, नाहीतर उताऱ्यातलीच दोन वाक्यं जशीच्या तशी उतरवलेली. ताईंनी दोन वर्कबुकं आणली, रोज एक उतारा सोडवून घेतात, आणि आता पोर वही दिसली की रडायला लागते. तर तिसरं कुठलं वर्कबुक घ्यावं, आणि गोष्टी-कवितांचं रसग्रहण वगैरे या वयात करून घ्यायचं का, असं त्यांना विचारायचंय.

मी शेजारच्या सत्तरी तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवते, बरीच वर्षं झाली, आणि हा प्रश्न पालकांकडून इतक्या वेळा येतो की आज जरा सविस्तरच लिहिते. लांब होईल, पण निवांत वाचा.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते ताई. तुमच्या मुलीची रोज परीक्षा होतेय, पण उतारा समजून कसा घ्यायचा हे तिला कोणी करून दाखवलेलं नाहीये. उतारा दिला, खाली पाच प्रश्न, उत्तर चुकलं की लाल खूण, बरोबर उत्तर काय ते सांगितलं, पुढचं पान. यात ती शिकणार कधी? बरोबर उत्तर कळलं तरी ते उत्तर डोक्यात कुठल्या वाटेने आलं हे तिला कळतच नाही. तुम्हाला आणि मला ते पटकन सुचतं कारण आपण ओळींच्या मधलं आपोआप वाचतो, मुलाला ते दिसत नाही, त्याला वाटतं उत्तर उताऱ्यात कुठेतरी लिहिलेलं असणारच, म्हणून ते शोधतं आणि जवळपासची दोन वाक्यं उतरवतं. म्हणजे तिचं ते उतरवणं आळस नाही, तिला जेवढं माहितीये तेवढं ती प्रामाणिकपणे करतेय.

आता तुमच्या मुलीचं नेमकं कुठे अडतंय हे मला इथे बसून सांगता येणार नाही, ते तुम्हालाच बघावं लागेल, पण बघायची पद्धत सोपी आहे. १९८६ साली गॉफ आणि टनमर या दोन संशोधकांनी मांडलेलं एक साधं सूत्र आहे, की वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडता येणं गुणिले भाषा समजणं. गुणिले, अधिक नाही. म्हणजे दोन्हीपैकी एक जरी फार कमी असेल तरी शेवटी हातात काही येत नाही. हे मी वर्गात रोज वापरते.

करायचं असं. एक नवा छोटा उतारा तिला मनातल्या मनात वाचू द्या आणि दोन-तीन ‘का’वाले प्रश्न तोंडी विचारा. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच अवघडपणाचा दुसरा उतारा तुम्ही तिला वाचून दाखवा, ती फक्त ऐकेल, आणि तसेच प्रश्न विचारा. तिसऱ्या दिवशी तिसरा उतारा, पण उत्तरं कोंकणीत द्यायला सांगा, तुम्हीही कोंकणीतच विचारा. ऐकून समजतं पण वाचून समजत नाही, असं दिसलं तर सगळी शक्ती अक्षरं जुळवण्यातच जातेय, भले वाचन घडाघडा वाटो. कोंकणीत झकास सांगते आणि मराठीत गप्प, तर समज उत्तम आहे, फक्त सांगायला आणि लिहायला शब्द कमी पडताहेत. आणि तिन्ही दिवशी गप्पच, तर मग ओळींच्या मधलं वाचायची सवय नाही, किंवा त्या विषयाची माहितीच नाही. एका दिवसावर ठरवू नका, त्या दिवशी सर्दी असते, मैत्रिणीशी भांडण असतं, काहीही असतं. दोन-तीन वेळा करून बघा.

‘घडाघडा’बद्दल थोडं. २०२१ पासून निपुण भारत ही लहान मुलांच्या वाचन-गणिताची केंद्र सरकारची मोहीम आली, त्यात तिसरीच्या शेवटी अनोळखी मजकूर मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासकट वाचता यावा असं लक्ष्य धरलंय. ते ठीकच आहे, कारण फार अडखळत वाचणाऱ्या मुलाला वाक्याच्या शेवटी येईपर्यंत वाक्याची सुरुवात आठवत नाही. पण लोकांनी त्यातलं मिनिटाला ६० एवढंच उचललं आणि अर्थासकट मागे राहिलं. माझ्याकडे अशी मुलं येतात जी जोडाक्षरांसकट धाडधाड वाचतात, पण पूर्णविरामाला थांबत नाहीत, कोण बोलतंय ते आवाजात कळत नाही. एक खूण बघा, मूल संवाद वाचताना आवाज बदलतं का? प्रश्नचिन्हाला सूर वर जातो का? जात असेल तर त्याला कळतंय. आणि जर ठ-ढ, भ-म, ब-व यांत चौथीतही सतत गोंधळ होत असेल, ओळी गळत असतील, वाचताना डोकं दुखत असेल तर आधी डोळे तपासा, शाळेत रिसोर्स टीचर (शिकायला अडचण येणाऱ्या मुलांना मदत करणारी शिक्षिका) असेल तर तिच्याशी बोला. तिथे समजुतीचे प्रश्न विचारत बसून उपयोग नाही.

आता मुख्य भाग. मी वर्गात काय करते ते एका उताऱ्यावरच दाखवते. हा मीच मुलांसाठी लिहिलेला आहे, कारण तयार उताऱ्यांत आमच्या पोरांच्या ओळखीचं कमी सापडतं (चवथ म्हणजे गणेश चतुर्थी, माटोळी म्हणजे गणपतीच्या वर टांगतात ती फळा-पानांची सजावट, आणि आंबाडे हे तिच्यात टांगायचं एक आंबट फळ):

‘चवथीला दोनच दिवस राहिले होते. आजोबा आणि सोहम माटोळीचं सामान आणायला निघाले. ओहोळाकडच्या झाडाला आंबाडे लागले होते. खालच्या फांदीवर एक छान घोस होता. सोहमने हात घातला तेवढ्यात आजोबा म्हणाले, “तो राहू दे. तुला चढता येतं ना, वरचा काढ.” सोहम हिरमुसला. गुडघा खरचटून घेत तो वर चढला. परत येताना वाटेत सावित्रीकाकी भेटली. काठी टेकत टेकत ती ओहोळाकडेच चालली होती, हातात रिकामी पिशवी होती. थोडं पुढे गेल्यावर सोहमने मागे वळून पाहिलं. मग तो आजोबांचा हात धरून चालू लागला.’

यावर वर्कबुकातले प्रश्न कसे येतील ते तुम्हाला माहितीच आहे. सोहम कोणाबरोबर गेला, आंबाडे कुठल्या झाडाला, काकीच्या हातात काय होतं. सगळ्यांना येतात. मी सुरुवातीला एकच विचारते, आजोबांनी खालचा घोस का काढू दिला नाही?

पहिलं उत्तर हमखास येतं, ‘कच्चा असेल’. मी चूक म्हणत नाही. मी म्हणते ‘कशावरून?’ मग मूल उताऱ्यात शोधतं, आणि त्याचं त्यालाच दिसतं की कच्चा असल्याचं कुठेच नाही, उलट ‘छान घोस’ लिहिलंय. दुसरा म्हणतो ‘सोहमला झाडावर चढायला शिकवायचं होतं’. कशावरून? तो बोट ठेवतो, ‘तुला चढता येतं ना’. बरं, इथे पुरावा आहे, पण त्याला आधीच चढता येतंय मग शिकवायचं काय? दुसरी मुलगी म्हणते ‘तुला’ येतं म्हणजे कोणालातरी येत नाही. आणि इथे वर्गात एक क्षण असा येतो की तीन-चार हात एकदम वर होतात, कारण काठी त्यांना आठवलेली असते. काठी टेकत चालणारीला झाडावर चढता येत नाही, तिला खालचाच घोस काढता येईल, ती ओहोळाकडेच चाललीये, पिशवी रिकामी आहे. एक मुलगा कोंकणीत म्हणाला होता, ‘काकीक तो हाताक पावता न्हय, म्हणून दवरलो’, म्हणजे काकीच्या हाताला तो पोचतो ना, म्हणून ठेवला. उत्तर पूर्ण झालं. मग आम्ही सगळ्यांनी मिळून ते मराठीत लिहिलं.

या सगळ्यात मी उत्तर दिलेलं नाही, फक्त ‘कशावरून’ म्हटलंय. हा एक शब्द घरात रुजला तर अर्धं काम झालं, मी अगदी मनापासून सांगते. पण तो विचारायचा कसा यावर सगळं आहे. पोलिसासारखा विचारला तर मुलाला वाटतं आपलं चुकलं. म्हणून उत्तर बरोबर आलं तरी तो विचारायचा, तेव्हाच तर जास्त विचारायचा, आणि खरंच उत्सुकता असल्यासारखा विचारायचा. आणि मूल ‘असंच’ म्हणालं तर ‘बरं, चल दोघं मिळून ओळ शोधूया’ म्हणून आपणही पुस्तकात डोकं घालायचं. बोट ठेवायला लावा. त्या ओळीवर प्रत्यक्ष बोट.

आता रसग्रहणाचं. लोकांना वाटतं ही मोठ्या वर्गातली गोष्ट, अलंकार, रस, मध्यवर्ती कल्पना वगैरे. चौथीच्या मुलाला ती नावं देऊ नका, गरजच नाही. पण ती नजर मात्र आत्ताच येते, आणि आत्ताच यायला हवी. याच उताऱ्यावर पुढचे प्रश्न बघा. सोहम सुरुवातीला हिरमुसला, शेवटी आजोबांचा हात धरला, मधे त्याच्या मनात काय झालं? ते लिहिलंय का? नाही. मग आपल्याला कसं कळलं? मागे वळून बघण्यावरून. तो कोणाकडे बघत होता, काकीकडे की झाडाकडे? इथे वर्गात दोन तट पडतात आणि मी पडू देते, कारण दोन्ही बाजूंना म्हणायला जागा आहे. पात्राच्या मनातला बदल म्हणजे हेच.

मग माझा आवडता प्रश्न. ‘आजोबा फार दयाळू होते’ असं एक वाक्य टाकलं असतं तर काम सोपं झालं नसतं का? ते मी का नाही टाकलं? पोरं सुरुवातीला म्हणतात टीचर विसरल्या. मग मी ते वाक्य फळ्यावरच्या उताऱ्यात घालून पुन्हा वाचून दाखवते. एक मुलगी म्हणाली ‘आता मजा गेली, आधीच कळलं’. नऊ वर्षांच्या मुलीने सांगितलं की लेखकाने सगळं सांगून टाकलं तर वाचणाऱ्याला काही करायला उरत नाही, तिच्या शब्दांत. तिला कुठल्याच व्याख्येची गरज पडली नाही. वाक्य काढून बघणं, घालून बघणं, शेवट बदलून बघणं, आजोबांच्या जागी आजी ठेवून बघणं, यासारखं या वयात दुसरं काही नाही. काकी भेटलीच नसती तर? तर सोहमला कधी कळलंच नसतं, मग आजोबा चांगले नसते का? यावर एकदा मधली सुट्टी संपून गेली तरी बोलणं चालू होतं.

कवितेला पोरं घाबरतात, त्यामुळे मी कोड्यापासून सुरू करते. आपल्याकडे हुमाणी, म्हणजे कोंकणीतली कोडी, घालायची सवय अजून घराघरांत थोडीफार आहे, मराठीत तर कोडी भरपूर. ‘पाटील बुवा राम राम, दाढीमिशा लांब लांब’, सगळ्यांना माहिती आहे, मक्याचं कणीस. पण उत्तर आलं की आपण थांबतो, तिथेच खरं सुरू करायचं असतं. कणसाची दाढी म्हणजे काय? ते केस. मग पाटीलच का म्हटलं, लहान मुलगा का नाही? दाढी आहे म्हणून, आणि शिवाय ताठ उभा असतो म्हणून, असं आमच्या एका मुलाने सांगितलं. राम राम कशाला? मोठ्या माणसाला करतात तो. म्हणजे एका वस्तूकडे माणूस म्हणून बघितलं की काय काय जुळवावं लागतं हे पोरांना कोड्यातून कळतं, आणि मग कवितेत वारा गाणं म्हणायला लागला किंवा नदी रुसली तरी ती दचकत नाहीत.

त्यानंतर दोन ओळी फळ्यावर लिहिते, याही घरच्याच:

‘पाऊस आला, कौलं बोलू लागली
आणि आजी बोलता बोलता गप्प झाली.’

कौलं कशी बोलतात ते आपल्या पोरांना विचारावं लागत नाही, जूनमध्ये कौलारू घरात राहिलेल्याला ते माहिती असतं, पण स्लॅबच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलाला ते ऐकवावं लागतं, हेही लक्षात ठेवा. आजी का गप्प झाली? आवाजामुळे ऐकू येत नाही म्हणून. घर गळेल अशी काळजी वाटली म्हणून. तिला जुनं काहीतरी आठवलं म्हणून. बाबा पावसात बाहेर आहेत म्हणून. चारही उत्तरं चालतात, कारण त्या ओळीत एकालाही नाही म्हणायला काही नाही. पण एकाने सांगितलं ‘आजी झोपली’, तेव्हा बाकीच्यांनीच त्याला थांबवलं, बोलता बोलता कोणी झोपतं का? तो म्हणाला माझी आज्जी झोपते! मग त्याचंही उत्तर राहिलं. मात्र ‘आजीला पाऊस आवडत नाही’ हे उत्तर वर्गाने घेतलं नाही, कारण आवडत नाही म्हणून बोलता बोलता गप्प का व्हायचं, हे कोणालाच जोडता आलं नाही. अनेक उत्तरं बरोबर असू शकतात, पण म्हणून वाट्टेल ते उत्तर बरोबर ठरत नाही, हा फरक मुलांना असा हाताळूनच कळतो.

आता ती माहितीची बाजू, जिच्याकडे पालक फार दुर्लक्ष करतात. १९८८ साली अमेरिकेत रेक्ट आणि लेस्ली या दोघींनी एक प्रयोग केला होता. शाळेतल्या मुलांना बेसबॉलच्या सामन्याचा उतारा वाचायला दिला. काही मुलं वाचनात हुशार, काही कच्ची, आणि दोन्हींत काहींना बेसबॉल कळायचा, काहींना नाही. झालं असं की वाचनात कच्ची पण खेळ माहिती असलेली मुलं, वाचनात हुशार पण खेळ माहिती नसलेल्या मुलांपेक्षा पुढे गेली. आपल्याकडे याचा अर्थ असा की वर्कबुकातला उतारा ज्वारीच्या शेतातल्या मचाणावर बसून गोफणीने पाखरं हाकलणाऱ्या मुलावर असेल, किंवा हुरड्यावर, तर आपल्या सत्तरी-डिचोलीच्या मुलाला त्यातलं काहीच डोळ्यासमोर येत नाही, आणि आपण म्हणतो आकलन कच्चं आहे! तेच मूल माटोळीचा उतारा पुरता उलगडून दाखवतं, आणि तोच माटोळीचा उतारा विदर्भातल्या हुशार मुलीला दिला तर ती अडेल, आंबाडे टांगतात कशाला इथूनच तिचा प्रश्न सुरू होईल.

म्हणून वाचायच्या आधी दोन-तीन मिनिटं बोला. मोबाईलवर ज्वारीच्या शेताचा फोटो दाखवा, गोफण म्हणजे काय ते दोरी घेऊन दाखवा. आणि एरवी घरात जे चाललंय त्यात मुलाला घ्या. मे महिन्यात पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची साठवण, भरताना सुकी मासळी, सोलं, मिरच्या का साठवायच्या, जून-जुलैत ट्रॉलर का बंद असतात, हे बोललं गेलं की पुढे कुठल्याही उताऱ्यात ‘बेगमी’ शब्द आला की तिला तो डबा दिसेल. यासाठी वेगळा तास लागत नाही.

शब्दांचं मी फार ताणत नाही. उताऱ्यातल्या प्रत्येक अनोळखी शब्दाला थांबवून अर्थ लिहून घेतला की गोष्ट मरते. एका उताऱ्यात दोन शब्द पुरे, आणि तेही आधी अंदाज करायला लावून. ‘हिरमुसला’ घ्या. छान घोस मिळणार होता, आजोबांनी नको म्हटलं, मग तुला कसं वाटलं असतं? तसंच. झाला अर्थ.

घरी कोंकणी आहे याची ताईंना काळजी वाटतेय असं त्यांच्या प्रश्नातून जाणवलं. अजिबात नको. कोंकणी हा तिचा आधार आहे, तो काढून घेऊ नका. लिपी एकच, रोजच्या जगण्यातल्या कितीतरी गोष्टी सारख्या, तिचा सगळा विचार कोंकणीत पक्का होतोय, तो तिथे होऊ दे. गोष्ट मराठीत वाचायची, तिच्यावर भांडायचं कोंकणीत, आणि शेवटचं एक उत्तर मराठीत मांडायचं, हा क्रम आमच्याकडे उत्तम चालतो. घरात जबरदस्तीने मराठी बोलायला लावून मूल गप्प झालेलं मी पाहिलंय, बोललं जाणारं उत्तरही मग बंद होतं.

लिहिण्यासाठी तिला एक साचा द्या, ‘मला वाटतं अमुक, कारण उताऱ्यात तमुक असं लिहिलंय’. सुरुवातीला सगळी उत्तरं एकाच छापाची येतील, येऊ द्यात, हाताला वळण लागलं की ती स्वतःच मोकळी होते. आधी तोंडी, मग तुम्ही लिहा ती सांगेल, मग तिने लिहायचं. थेट लिहायला लावलं की शुद्धलेखनाच्या भीतीने मूल एका शब्दात उरकतं. आणि कृपा करून या वेळेला ऱ्हस्व-दीर्घ काढू नका, त्याची वेळ वेगळी ठेवा.

आणखी एक करता येतं, १९८४ मध्ये पॅलिन्क्सर आणि ब्राऊन यांनी एक पद्धत मांडली, त्यात मुलं आळीपाळीने शिक्षक होतात. पुढे काय होईल याचा अंदाज करायचा, समोरच्याला प्रश्न घालायचा, न कळलेलं सोडवायचं, आणि थोडक्यात सांगायचं. त्यांनी ती जरा मोठ्या मुलांवर केली होती, चौथीला मी एका वेळी एकच घेते, बहुतेक वेळा प्रश्न घालायचं काम. ‘आज तू टीचर, मी विद्यार्थी’ म्हटलं की पोरांना जोर येतो. आमच्यासारख्या लहान सरकारी शाळांत कित्येकदा एकाच खोलीत चारही इयत्ता असतात, तिथे चौथीची मुलं दुसरीच्या मुलांना गोष्ट वाचून प्रश्न घालतात, आणि ‘का’चा प्रश्न तयार करायला स्वतःला आधी किती समजावं लागतं हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. घरी लहान भाऊ, चुलत बहीण कोणी असेल तर हे करा. नसेल तर आज्जी आहेच.

किती वेळ, तर दिवसाला पंधरा-वीस मिनिटं, आठवड्याला चार दिवस, आणि त्यातले दोन दिवस तरी फक्त तुम्ही वाचून दाखवायचं, प्रश्न एकही नाही. चौथीत आहे म्हणून वाचून दाखवणं बंद करू नका, मुलाला स्वतः वाचायला झेपतं त्यापेक्षा जरा वरची भाषा कानावर पडायचा तोच एक रस्ता आहे. पुस्तकं विकतच घ्यायला हवीत असं नाही. पणजीला पाटोवर आपलं कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय आहे, १८३२ पासूनची संस्था, तिथे मुलांचा वेगळा विभाग आहे, महिन्यातून एखाद्या शनिवारी नेलंत आणि पुस्तक तिलाच निवडू दिलंत तर फार फरक पडतो. पातळ पुस्तक निवडलं, चित्रांचं निवडलं, आधी वाचलेलंच पुन्हा निवडलं, तरी काही बोलू नका.

परीक्षेचं काय, तर तेही खरं आहे, मार्क लागतातच. काही ठिकाणी ‘तुला काय वाटतं’ला सुद्धा गाईडमधलं एकच उत्तर अपेक्षित असतं. तिथे मुलाला गोंधळात टाकू नये, वर्गशिक्षिकेशी एकदा शांतपणे बोला, मुलीने कारण देऊन वेगळं उत्तर लिहिलं तर चालेल का ते विचारा. बहुतेक जणी हो म्हणतात असा माझा अनुभव आहे. नाहीच म्हणाल्या तर पेपरात त्यांचं उत्तर लिहू दे आणि घरी तिचं उत्तर ऐका. पेपरच्या आधीचे आठ दिवस उतारे सोडवायला हरकत नाही, प्रश्न आधी वाचायचे, मग उतारा, वेळ लावून. वर्षभर तेच करणं मात्र वाया आहे.

तर तिसरं वर्कबुक घेऊ नका ताई. जी दोन आहेत तीच वापरा, पण खालचे प्रश्न कागदाने झाकून. उतारा एकत्र वाचा, तिने दोन प्रश्न घालायचे, एक ‘का’चा असलाच पाहिजे, उत्तर तुम्ही द्यायचं आणि ‘कशावरून’ तिने विचारायचं. तुम्ही मुद्दाम एखादं हुकलेलं उत्तर द्या, तिला ओळ दाखवून ते खोडू दे. मग कागद काढा आणि छापलेल्या प्रश्नांत तिचे प्रश्न आलेत का ते बघा. एका उताऱ्याला चार दिवस लागले तरी लागू देत. सध्या पंधरा दिवस लिहिणं पूर्ण बंद, रडणं थांबेपर्यंत सगळं तोंडीच. आणि वर सांगितलेली ती वाचून, ऐकून आणि कोंकणीत अशी तिन्ही तऱ्हेने बघायची तपासणी आधी करा, त्यात काय दिसलं ते इथेच लिहा. ऐकून समजतंय आणि वाचून नाही असं निघालं तर मी जोडाक्षरांचं आणि ओघाने वाचायचं काय करून घेते ते वेगळं लिहीन, कारण तो रस्ता पूर्ण निराळा आहे.